बी ठेवता का येत नाही? पऱ्हाटीच्या बियाण्याची गोष्ट



मृग जवळ आला की आपल्या गटाच्या बैठकीत हप्त्यांचा हिशोब झाल्यावर एकच विषय निघतो. यंदा सरकीच्या किती बॅगा घ्यायच्या आणि त्याला पैसे कुठून उभे करायचे. मागच्या बैठकीत एका आजींनी मधेच विचारलं, "आमच्या टायमाला कापूस जिनात देला की सरकी घरी परत ये. तिच्यातली चांगली निवडून, शेणात घोळून पेरत होतो. आता दरसाल इकत काहून घ्या लागते?" शेजारच्या ताई लगेच म्हणाल्या, "आजी, ते बीटी आहे ना. बीटीचं बी ठेवता येत नाही." सगळ्यांनी माना डोलावल्या. आम्हीही डोलावल्या.

पण आजींचा प्रश्न डोक्यातून जाईना. मग आम्ही वाचलं, शेतीच्या जाणकारांना विचारलं, आणि लक्षात आलं की आपण आजींना दिलेलं उत्तर बरोबर नव्हतं. बी ठेवता येत नाही हे खरं. पण ते बीटीमुळे नाही. ते बी संकरित आहे म्हणून. बीटी ही एक गोष्ट आणि संकर ही दुसरी. दोन्ही एकाच पाकिटात घालून आपल्या गावात आल्या, म्हणून आपल्या तोंडात त्यांचा एकच शब्द झाला. या दोन गोष्टी एका पाकिटात कशा आल्या, त्याचा इतिहास आज सांगायचा आहे. तो कळला तर पुढच्या वेळी कृषी केंद्रात उभं राहून काय विचारायचं, हेही कळेल.

सुरुवात आजींच्या सरकीपासून करू. जगात लागवडीच्या कापसाच्या चार जाती आहेत. त्यातल्या दोन जुन्या, आपल्याकडच्या. त्यांना आपण देशी किंवा गावरान म्हणतो. दुसऱ्या दोन अमेरिका खंडातून आलेल्या. देशी पऱ्हाटी काटक असते. पाऊस लांबला तरी तग धरते, रोगकिडीलाही सहजी बळी पडत नाही. पण तिचा धागा आखूड. घरच्या चरख्याला, हातमागाला तो चालायचा. दरवर्षी चांगल्या झाडाची, टपोऱ्या बोंडाची सरकी बाजूला काढायची आणि तीच पेरायची, हे काम घराघरांतल्या बायाच करत. याला शास्त्रात निवड पद्धत म्हणतात. म्हणजे पीक सुधारण्याची पहिली पायरी शाळा-कॉलेजात नाही, आपल्या ओसरीवर चढली गेली.

मग कारखाने आले, आणि कारखान्याच्या यंत्राला लांब धागा हवा असतो. ईस्ट इंडिया कंपनीने १८४० मध्ये अमेरिकेतले कापूस पिकवणारे लोक मुद्दाम हिंदुस्थानात आणले, तिकडची सरकी इथे रुजवायला. बहुतेक ठिकाणी ते फसलं, धारवाडकडे मात्र अमेरिकन कापूस टिकला. पुढे १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना, आणि सगळ्यांची नजर आपल्या वऱ्हाडाकडे वळली. खामगाव, अमरावतीच्या बाजारांना तेव्हा भरभराट आली. युद्ध संपलं, भाव पडले. शेतकरी तेव्हाही मधल्या मधे अडकला.

१९४७ ला फाळणी झाली. सिंध आणि पश्चिम पंजाबातली लांब धाग्याच्या कापसाची जमीन पाकिस्तानात गेली आणि मुंबई, अहमदाबाद, सोलापूरच्या गिरण्या इकडे राहिल्या. गिरण्या आहेत पण त्यांना हवा तसा कापूस नाही, बाहेरून आणावा लागतो, अशी देशाची अवस्था झाली. इथून संशोधन केंद्रांवर जोर आला की लांब धाग्याचा आणि जास्त उत्पन्नाचा कापूस काढा.

निवडीच्या पुढची पायरी म्हणजे संकर. दोन वेगळी झाडं घ्यायची, एकाच्या फुलातला पराग दुसऱ्याच्या फुलावर लावायचा. त्यातून जे बी मिळतं त्यात दोघांचे गुण येतात. त्या बियातून पुढे सात-आठ पिढ्या निवड करत गेलं, तर एक स्थिर वाण मिळतो. त्याला सरळ वाण म्हणतात. त्याचं बी घरी ठेवता येतं, दरवर्षी तसंच पीक येतं.

पण संकराचा दुसराही उपयोग आहे. पहिल्या पिढीचं बी बहुधा फार जोमदार निघतं. झाड मोठं, बोंडं जास्त. मग पुढच्या पिढ्यांची वाट न बघता ते पहिल्या पिढीचं बीच विकायचं. मक्यात हे आधी झालं होतं. कापसात कुणाला जमत नव्हतं, कारण कापसाच्या एकाच फुलात नर भाग आणि मादी भाग दोन्ही असतात. एकेका फुलाला हात लावल्याशिवाय संकर होत नाही. हे परवडेल कसं, असं जगभरचे शास्त्रज्ञ म्हणत.

ते आपल्या देशात जमलं. गुजरातेत सुरतच्या कापूस संशोधन केंद्रात डॉ. चंद्रकांत पटेल यांनी १९७० मध्ये संकर-४ हा वाण दिला. व्यापारी लागवडीसाठी निघालेला हा जगातला पहिला संकरित कापूस. त्याच्या मागोमाग १९७२ मध्ये धारवाडला डॉ. कटरकी यांनी वरलक्ष्मी काढला, अतिशय लांब धाग्याचा. १९८० च्या दशकात नांदेडच्या केंद्राचा एनएचएच-४४ आला आणि मराठवाडा-विदर्भात घरोघरी पोचला. हे सगळं सरकारी केंद्रांचं काम होतं, आणि यात कुठेही प्रयोगशाळेतलं जनुक नव्हतं.

जगाला न परवडणारं काम आपल्याला परवडलं कसं? मैत्रिणींनो, ते बायांच्या आणि पोरींच्या हातांमुळे परवडलं.

बीजोत्पादनाच्या प्लॉटमध्ये क्रॉसिंगचं काम कसं चालतं ते ऐका. दुपारनंतर मादी ओळीत जायचं. उद्या सकाळी उमलणारी कळी ओळखायची. अंगठ्याच्या नखाने तिच्या पाकळ्या आणि आतले पुंकेसर अलगद सोलून काढायचे. मधली मादी काडी मोडता कामा नये, आणि एकही पुंकेसर राहता कामा नये. खूण म्हणून त्यावर कागदी पिशवी घालायची. दुसऱ्या दिवशी सकाळी नर ओळीतली उमललेली फुलं तोडून आणायची आणि त्यांचा पराग त्या काडीवर फिरवायचा. दोरा बांधायचा. दोन महिने रोज हेच.

ढोबळ हिशोब करू. एका बोंडात पंचवीसेक सरक्या धरा. ४५० ग्रॅमच्या पाकिटात पाच हजारांच्या आसपास दाणे असतात. म्हणजे आपण एक पाकीट फोडतो तेव्हा त्यामागे निदान दोनशे फुलं कुणीतरी एकेक करून सोललेली आणि दोऱ्याने बांधलेली असतात. आंध्र, कर्नाटक, गुजरातच्या बीजोत्पादन पट्ट्यांत या कामावर शाळेच्या वयाच्या मुली मोठ्या संख्येने होत्या, राजस्थानच्या आदिवासी भागातली पोरं यासाठी उत्तर गुजरातेत आणली जात, हे अनेक अभ्यासांतून पुढे आलं. बोटं लहान, उंची झाडाएवढी आणि मजुरी कमी, म्हणून मुली. संकराचा इतिहास सांगताना शास्त्रज्ञांची नावं सांगितली जातात, ती सांगायलाच हवीत. पण त्या मुलींची नावं कुठल्याच पाकिटावर नाहीत.

आता बी ठेवायचा प्रश्न. संकरित बियाचं झाड चांगलं येतं. पण त्याच झाडाची सरकी पुन्हा पेरली तर? एक झाड उंच, एक बुटकं. एक आजाकडे गेलेलं, एक आजीकडे. एकाचं बोंड टपोरं तर एकाचं लिंबोळीएवढं. हे का होतं, ते आजच्या झेक प्रजासत्ताकातल्या ब्रनो गावच्या मठात राहणाऱ्या ग्रेगोर मेंडेल यांनी वाटाण्यावर प्रयोग करून १८६६ मध्येच छापलं होतं. पहिल्या पिढीत एकत्र आलेले गुण दुसऱ्या पिढीत पुन्हा वेगवेगळे होतात. म्हणून संकरित बी ठेवून फायदा नाही, दरवर्षी नवं घ्यावं लागतं. आजी, तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर हे. ते १९७० मध्येच तयार झालं होतं, बीटी यायच्या ३२ वर्षं आधी.

दरवर्षी नवं बी घ्यावं लागतं, म्हणजे विकणाऱ्याला दरवर्षी गिऱ्हाईक आहे. सरकारी केंद्रांच्या मागोमाग खाजगी कंपन्या या धंद्यात आल्या त्या यामुळेच. सरळ वाणाला कुलूप लावता येत नाही, शेतकरी शेजाऱ्याला ओंजळभर देतोच. संकराला कुलूप निसर्गानेच लावलेलं.

संकराबरोबर खतं वाढली, पाणी वाढलं, पीक जास्त दिवस शेतात राहू लागलं. हिरवंगार, रसरशीत पीक किडीलाही आवडतं. १९८० च्या दशकात नवी औषधं आली. आधी एका फवारणीत अळी मरायची, मग दोन, मग दहा झाल्या तरी मरेना. अमेरिकन बोंडअळीने औषध पचवायला शिकून घेतलं. १९९७-९८ च्या हंगामात तेलंगणातल्या वरंगळ भागात कापूस गेला, औषधाची उधारी राहिली आणि शेतकऱ्यांनी जीव दिले. आपल्या विदर्भाला ही गोष्ट वेगळी सांगायला नको.

या अळीवर उपाय म्हणून जे आलं, ते बीटी. बीटी हा मातीतला एक जिवाणू, कंपनीने तयार केलेला नव्हे. १९०१ मध्ये जपानच्या इशिवाता या शास्त्रज्ञाला तो मेलेल्या रेशीमकिड्यात सापडला. १९११ मध्ये जर्मनीतल्या थुरिंगिया प्रांतात बर्लिनर यांना तो पिठातल्या अळीत सापडला, आणि प्रांताच्या नावावरून त्याला बॅसिलस थुरिंजिएन्सिस म्हणू लागले. त्याचंच आखूड नाव बीटी. हा जिवाणू एक प्रथिन तयार करतो, ते अळीच्या पोटात गेलं की तिचं आतडं फाटतं. या जिवाणूची भुकटी फवारणीसाठी कितीतरी वर्षांपासून मिळते, सेंद्रिय शेतीतही वापरतात.

शास्त्रज्ञांनी विचार केला, हे प्रथिन झाडानेच बनवलं तर? प्रथिन कसं बनवायचं याची सूचना जिवाणूच्या आत लिहिलेली असते. त्या सूचनेला जनुक म्हणतात. जिवाणू आणि पऱ्हाटी यांचा संकर होणं शक्य नाही, फुलावर पराग फिरवून हे होत नाही. संकर आणि जनुकीय बदल यांत खरा फरक इथे आहे. संकरात दोन सोयऱ्यांचे हजारो गुण एकत्र मिसळतात, आपण फक्त पुढे निवडतो. जनुकीय बदलात एखाददुसरी सूचना उचलून घालतात, पण ती कुठल्याही जिवाची असू शकते. हे काम दुसऱ्या एका मातीतल्या जिवाणूकडून करून घेतात. हा जिवाणू झाडाच्या खोडावर गाठ आणतो, आणि गाठ आणताना स्वतःची काही जनुकं झाडात सोडतो. त्याच्या गाडीत आपलं सामान भरायचं, असा हा प्रकार.

अमेरिकेत असा बीटी कापूस १९९६ मध्ये शेतात आला. पण ते जनुक घातलं होतं कोकर-३१२ नावाच्या तिकडच्या जुन्या वाणात, कारण प्रयोगशाळेत पेशीपासून पुरतं झाड वाढवायला तो वाण सोपा. आपल्या मातीला तो उपयोगाचा नव्हता. मग आपल्याकडे ते जनुक आलं कसं? साध्या, जुन्या संकराने. १९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी जालन्यात सुरू केलेल्या महिको कंपनीने अमेरिकेच्या मोन्सँटोकडून ते बी आणलं. इथल्या वाणाशी त्याचा संकर केला, त्यातून आलेल्या झाडाचा पुन्हा इथल्याच वाणाशी, मग पुन्हा. पातेलंभर पाण्यातलं अर्धं ओतून द्यायचं आणि तेवढं दूध घालायचं. मग त्यातलंही अर्धं ओतायचं, पुन्हा दूध घालायचं. पाच-सहा वेळा केलं की पातेल्यात जवळजवळ दूधच राहतं. फक्त पाण्यात टाकलेला एक मणी दर वेळी जपायचा. तो मणी म्हणजे बीटीचं जनुक. तेव्हा "संकर की जनुकीय बदल" असं भांडण लावलं जातं खरं, पण आपल्या शेतातल्या बीटीत मणी प्रयोगशाळेचा आहे आणि पातेलं, दूध, हात सगळं जुन्या पद्धतीचं आहे.

२००१ मध्ये गुजरातेत परवानगी नसलेला बीटी कापूस हजारो एकरांवर उभा सापडला. नवभारत-१५१ असं त्याचं नाव. त्यानंतर २६ मार्च २००२ ला केंद्र सरकारच्या समितीने महिकोच्या तीन बीटी वाणांना परवानगी दिली. ते तिन्ही वाण संकरित होते. इथे दोन गोष्टी एका पाकिटात आल्या. अळीला मारायचं काम बीटीचं, आणि दरवर्षी दुकानात आणायचं काम संकराचं.

हे असंच व्हायला हवं होतं का? नाही. अमेरिका, ऑस्ट्रेलिया, चीन इथे बीटी कापूस मुख्यतः सरळ वाणांत आला. आपल्या शेजारच्या बांगलादेशात २०१४ पासून बीटी वांगं शेतकऱ्यांना मिळालं, ते तिथल्या सरकारी संस्थेच्या सरळ वाणांत. त्याचं बी शेतकरी घरी ठेवू शकतात. त्यातलं जनुक आपल्या देशातूनच गेलं. आपल्याकडे मात्र बीटी वांग्याला २०१० मध्ये स्थगिती मिळाली, ती अजून उठलेली नाही. आपल्या सरकारी संस्थांनीही सरळ वाणात बीटी देण्याचा प्रयत्न केला होता. बिकानेरी नरमा बीटी नावाचं बी २००९ च्या हंगामात आलं, पण त्यात दुसऱ्याच कंपनीच्या जनुकाची भेसळ निघाली आणि ते मागे घ्यावं लागलं. त्यानंतर नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने काही सरळ बीटी वाण दिले. तोवर बाजार मात्र संकरित पाकिटांनी भरून गेला होता.

बीटीने आपल्याला काय दिलं, तेही खरं सांगायला हवं. सुरुवातीची काही वर्षं बोंडअळीच्या फवारण्या कमी झाल्या, हातात कापूस आला. देशाचं उत्पादन २००१-०२ मध्ये १५८ लाख गाठी होतं, ते २०१३-१४ पर्यंत ३९८ लाख गाठींवर गेलं. यात बीटीचा वाटा आहे, तसाच वाढलेल्या क्षेत्राचा, खतांचा आणि गुजरातेत वाढलेल्या पाण्याचाही आहे. बीटीत उत्पन्न वाढवणारी सूचना नसते. ती फक्त बोंडअळीपासून राखण करते. राखणदार ठेवला म्हणून रान जास्त पिकत नाही, पिकलेलं चोरीला जात नाही एवढंच. कोरडवाहू रानात पाऊसच दडी मारून बसला तर राखणदार काय करणार? आणि या राखणदाराचा पगारही भारी होता. २००२ मध्ये पाकीट १६०० रुपयांच्या आसपास होतं. आंध्र सरकार भांडलं, तेव्हा २००६ मध्ये ते ७५० वर आलं.

पुढे काय झालं ते आपण डोळ्यांनी पाहिलं. अळीने औषध पचवलं होतं, तसं बीटीही पचवलं. २०१० पर्यंत गुजरातेत पहिल्या बीटीवर गुलाबी बोंडअळी, म्हणजे आपली शेंदरी अळी, जगू लागली. २००६ मध्ये आलेल्या दोन जनुकांच्या बीटीवरही ती काही वर्षांत जगू लागली, आणि २०१७ मध्ये आपल्या विदर्भ-मराठवाड्यात बोंडं फोडली की आत अळी, असं घरोघरी झालं. उत्पादन आता देशात ३०० लाख गाठींच्या आसपास घसरलं आहे.

त्यात काही चूक आपलीही होती. बॅगेबरोबर १२० ग्रॅमची एक लहान पुडी यायची, बिगर बीटी सरकीची. ती शेताच्या कडेने लावायची होती. तिथे साध्या अळ्या जगाव्यात, त्यांचा बीटी पचवणाऱ्या अळीशी मेळ होऊन पुढची पिढी पुन्हा कमजोर निघावी, असा तो विचार. आम्हाला विचाराल तर ती पुडी आम्ही उकिरड्यावर पडलेली पाहिली आहे, चुलीत गेलेलीही पाहिली आहे. कुणी नीट सांगितलंच नव्हतं. दुसरी चूक फरदडीची. जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत पाणी देऊन पऱ्हाटी ठेवली की शेंदरी अळीला बारा महिने घर मिळतं.

पण एक चूक पाकिटातच होती. बहुतेक संकरित बीटीत आई-बापांपैकी एकाकडेच बीटीचं जनुक असायचं. मेंडेलचा हिशोब इथेही लागतो. एकच जनुक असेल, तर अशा झाडाच्या बोंडातल्या चार सरक्यांमागे एकीत ते उतरतच नाही. शेंदरी अळी सरकी खाऊनच जगते. एका सरकीत विष, शेजारच्या सरकीत नाही, असं ताट तिच्यापुढे वाढलं की ती हळूहळू विष पचवायला शिकते. शास्त्रज्ञांनी हे दाखवून दिलं आहे. म्हणजे अळीचं शिक्षण लवकर झालं, त्यालाही संकर काही अंशी कारण आहे.

आणि बीटी तुडतुडे, मावा, पांढरी माशी यांना मारत नाही. त्यांच्यासाठी फवारणी चालूच राहिली. २०१७ च्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २० हून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला. त्यांच्या घरच्या बाया आज आपल्यासारख्याच गटात बसून हप्ता भरत आहेत. फवारणी पुरुष करतात असं म्हणतो, पण पाणी आणून देणं, औषध कालवणं, ते कपडे धुणं कोण करतं?

आता पुढचं पाकीट दारात आहे. आपल्याकडे त्याला चोर बीटी म्हणतात. तणनाशक मारलं तरी पऱ्हाटी मरत नाही, असा यातला जनुकीय बदल. सरकारची परवानगी नसताना हे बी गावोगाव विकलं जातं, ना पक्की पावती, ना तक्रारीची सोय. २०१९ च्या जूनमध्ये अकोला जिल्ह्यात शेतकऱ्यांनी ते उघडपणे पेरून आंदोलनही केलं. आपल्या गटात यावर एकमत नाही, आणि ते साहजिक आहे. ज्यांच्याकडे पाच एकर रान आहे त्या ताई म्हणतात, निंदणाला बाया मिळत नाहीत, मजुरी परवडत नाही. ज्या ताई निंदणाला जातात त्या म्हणतात, निंदण गेलं तर पावसाळ्याचे दोन महिने चूल कशावर पेटवायची? तेव्हा नवं बियाणं बाजारात आलं की शास्त्रज्ञ, कंपनी, सरकार यांच्याबरोबर निंदणाऱ्या बाईलाही विचारलं पाहिजे. आजवर तिला कुणी विचारलेलं नाही.

मग करायचं काय? बीटी वाईट की चांगलं, असा एकच प्रश्न घेऊन दुकानात गेलो तर हाती काही लागत नाही. पाकीट हातात घेऊन चार वेगळे प्रश्न विचारायचे. एक, हे संकरित आहे की सरळ वाण? म्हणजे बी ठेवता येईल का ते कळेल. दोन, बीटी आहे की नाही? तीन, किती दिवसांचं आहे? कमी दिवसांचं पीक शेंदरी अळीचा जोर वाढायच्या आत घरी येतं. चार, पक्की पावती देता का? पावती आणि रिकामं पाकीट हंगाम संपेपर्यंत डब्यात ठेवायचं. बी उगवलं नाही तर तोच आपला पुरावा.

दुसरं, सगळंच बी विकत घ्यायला लागत नाही. तूर, मूग, उडीद, हरभरा यांचे बहुतेक वाण सरळ आहेत, गावरान ज्वारी सरळ आहे. त्यांचं बी निवडून, वाळवून, राख किंवा कडुनिंबाचा पाला घालून ठेवायला आपल्याला कुणी शिकवायला नको. अकोले तालुक्यातल्या राहीबाई पोपेरे यांनी हेच केलं, आणि त्यांना २०२० चा पद्मश्री मिळाला. आपल्या देशाचा २००१ चा कायदाही आपल्या बाजूने आहे. शेतकऱ्याला आपल्या पिकाचं बी ठेवायचा, पुन्हा पेरायचा, दुसऱ्याला द्यायचा आणि विकायचाही हक्क त्यात लिहिला आहे. फक्त ब्रँडच्या नावाने पाकिटात भरून विकता येत नाही. अनेक देशांत शेतकऱ्यांना एवढा हक्क नाही.

आमच्या गटाने ठरवलं आहे की या हंगामात बैठकीला येताना प्रत्येकीने आपल्या घरच्या एका बियाची ओंजळ आणायची. शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून किती उगवतात ते पाहायचं, आणि वहीत लिहायचं. हप्त्याच्या वहीतच मागच्या पानांवर. सरळ वाणाचा कापूस एक-दोघी अर्ध्या एकरावर करून बघणार आहेत. तो संकरिताएवढा येईल असं आम्ही सांगत नाही. पण खर्च आणि उत्पन्न दोन्ही लिहून ठेवू, म्हणजे पुढच्या वर्षी ऐकीव बोलायला नको.

आजींना आम्ही पुढच्या बैठकीत नीट उत्तर दिलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हंजे सरकीचा काही गुन्हा नाही. कोणती सरकी घ्याची ते ठरवणारे दुसरेच होते." आम्ही हो म्हणालो. आता निदान विचारणाऱ्या तरी आपण होऊ.

तुमच्या गावात जुन्या पऱ्हाटीचं बी कुणाकडे अजून असेल, तर केंद्रावर कळवा. पुढच्या भागात बी साठवण्याविषयी बोलू. नमस्कार.